उन्हातली चाल

२०२१ साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये पुण्याचा उदयन माने भर उन्हाळ्यात गोल्फ खेळला. १८ खड्ड्यांच्या एका फेरीत सहा-सात किलोमीटर चालणे सहज होते. कौतुक करायलाच हवे. पण तिथे पिशवी वाहायला कॅडी असतो, छत्री असते. आमच्या गोंदिया जिल्ह्यात मे महिन्यात माय पहाटेच तेंदूपत्त्याला जंगलात जाते. तितकीच चालते, परतताना डोक्यावर भारा. घरी ७० पानांचा एकेक पुडा बांधायचा आणि मोजून द्यायला फळीवर उन्हात ताटकळायचे. तिला कुणी खेळाडू म्हणू नये, ते ढोंग होईल! पण मोजणी होईपर्यंत फळीवर एक मांडव, पाण्याचा एक रांजण का नसावा? त्याचा खर्च ठेकेदाराच्या करारातच लिहून घ्यावा.