मीठ टाकायच्या आधी शंख उलटून बघा

पाऊस लागला की दरवर्षी तोच प्रश्न, "काका, परसात गोगलगायी झाल्यात, काय टाकू?" आणि कुठून तरी उत्तर येतं, मीठ टाका. माझं म्हणणं आधी विचारा, कुठली गोगलगाय? आपल्याकडे सगळ्यांना मिळून एकच नाव, तिथेच घोटाळा होतो.

मीही तेच केलंय. गेल्या पावसाळ्यात कात्रपला घरामागच्या अळूत आणि काकडीच्या वेलाखाली गोगलगायी दिसल्या. बादलीभर गोळा केल्या, मीठ मारलं, वर वाफ्यातही मूठमूठ फेकलं. गोगलगायी मेल्या, पण त्या कडेचं अळूही करपलं. नंतर रिकामे शंख पाहिले तर निम्म्याहून जास्त आपल्या इथल्याच गोगलगायींचे. उगाच मारल्या.

खरी नुकसान करणारी ती मोठी आफ्रिकन शंखी गोगलगाय. मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ साली बेन्सन नावाच्या साहेबाने मॉरिशसहून आणून कलकत्त्यात बागेत सोडली असं नोंदलेलं आहे. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे हिनेच उगवतं सोयाबीन कापून खाल्लं, लोकांना दुबार-तिबार पेरणी करावी लागली. नर-मादी वेगळे नाहीत, प्रत्येक जण अंडी घालणार, एका वेळी शंभराच्या वर. मातीत साबुदाण्यासारखी पिवळट अंडी सापडली तर ती आधी नष्ट करा.

आता ओळख. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरा. तोंड डाव्या हाताला आलं तर ती आफ्रिकन नाही. आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यात डाव्या वळणाची चपटी गोगलगाय आहे, शास्त्रीय नाव एरिओफँटा. शेवाळ, कुजका पाला यावर असते. एखादं कोवळं पान कुरतडत असेल, पण तेवढ्यासाठी तिला मारू नये. तोंड उजवीकडे आलं तर लगेच निकाल देऊ नका, उजव्या वळणाच्या देशी पण आहेत. मग आकार बघा. आफ्रिकनचा शंख उंच, निमुळता, भोवऱ्यासारखा, त्यावर तपकिरी उभे पट्टे, वाढलेली असली तर बोटाएवढा लांब. शंखाच्या तोंडाला बटणासारखं पक्कं झाकण असेल तर तीही आफ्रिकन नाही. मात्र उन्हाळ्यात जमिनीत दडलेली आफ्रिकन तोंडावर पांढरा पापुद्रा धरते, त्याला झाकण समजू नका. पिल्लं फसवतात, तिथे शंका असेल तर कृषी सहायकाला दाखवा.

हे सगळं हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालूनच. उंदराच्या फुफ्फुसातला जंत हिच्यातून माणसात येतो आणि मेंदूपर्यंत जातो. पोरांना खेळायला देऊ नका, पालेभाजी नीट धुवा.

आफ्रिकनच निघाली तर गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी बांधाला टाका. सकाळी खाली जमलेल्या वेचून मिठाच्या नाहीतर साबणाच्या पाण्यात बुडवा आणि खोल पुरा. मीठ बादलीत, वाफ्यात नाही. मेटाल्डिहाईडच्या गोळ्या मिळतात, पण घराजवळ कुत्रा, कोंबडी, वासरू असेल तर मी त्या वापरणार नाही. भारद्वाज गोगलगायी खातो, काजव्याची अळी तर जगतेच त्यांच्यावर. सरसकट सगळ्या मारल्या तर तिने खायचं काय?

आणि बदलापुरात आता शेतं कमी, इमारती जास्त. गच्चीत, बाल्कनीत कुंड्या येतात त्या नर्सरीच्या मातीसकट. माझ्याकडे आफ्रिकन आली ती एका मोगऱ्याच्या पिशवीतून, हे मला उशिरा कळलं. नवीन रोप आणलं की पिशवी काढून माती आणि मुळं बघा, मगच लावा.

फोटो पाठवताना शंखाचं तोंड समोर ठेवा आणि बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवा. नुसता पाठीचा फोटो पाठवला तर मला काही सांगता येत नाही.