बोलण्याचे मूळ कानात

दोन वर्षांचे झाले तरी मूल बोलत नाही, अशी काळजी घरात सुरू झाली की पहिला संशय जातो जिभेवर. कुणी मधात वेखंड उगाळून चाटवायला सांगते, कुणी जीभ खाली चिकटली आहे का ते पाहायला लावते. ‘याचा बापही उशिराच बोलला’ असे म्हणून आजी धीर देते. यात मोलाचे महिने जातात आणि कान तपासायचे राहून जातात.

वास्तविक केवळ बोलण्यासाठी म्हणून शरीरात एकही अवयव नाही. फुप्फुसे श्वासासाठी, जीभ आणि दात खाण्यासाठी. स्वरयंत्राचेही मूळ काम श्वासनलिकेत अन्न जाऊ न देण्याचे. उच्छ्वासाच्या हवेने स्वरतंतू थरथरतात, पुरुषांत सेकंदाला साधारण सव्वाशे वेळा, स्त्रियांत दोनशेच्या आसपास. त्या नादाचे वर्ण घडतात ते तोंडात. आपल्या वर्णमालेतील क, च, ट, त, प हे वर्ग घशाकडून ओठांकडे याच क्रमाने मांडलेले आहेत. पण ‘ट’साठी जीभ कुठे टेकवायची हे बाळाला कुणी शिकवत नाही. ते ऐकते, करून पाहते, स्वतःचा आवाज ऐकते आणि चूक सुधारते. ऐकूच आले नाही, तर निरोगी गळाही मुका राहतो.

हे ऐकणे घडते कसे? ध्वनीने कानाचा पडदा हलतो. त्यामागील हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे ते कंपन पुढे नेतात. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातील सर्वांत लहान. हवेतला ध्वनी थेट आतल्या कानातील द्रवावर आदळला तर बहुतेक परत फिरतो. म्हणून पडदा आणि ही हाडे मिळून त्याचा दाब सुमारे वीसपट वाढवतात. पुढे शंखासारख्या वळलेल्या, द्रवाने भरलेल्या कर्णावर्तात बारीक स्वर तोंडाशी तर खर्जातले टोकाशी उमटतात. याचा उलगडा करणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी यांना 1961 चे नोबेल मिळाले. या कंपनांचे विद्युतसंदेश करतात केसपेशी, प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार. एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

फसगत होते ती इथे, की बहिरे बाळही पहिले काही महिने इतरांसारखेच हुंकार देते. त्यामुळे नुसत्या निरीक्षणावर विसंबता येत नाही. निरोगी केसपेशी स्वतःही अतिशय मंद ध्वनी निर्माण करतात, हे डेव्हिड केम्प यांनी 1978 मध्ये दाखवून दिले. त्यावर आधारलेली ओएई चाचणी झोपलेल्या बाळावर काही मिनिटांत होते. शंका राहिलीच तर श्रवणतंतूंचे काम ‘बेरा’ चाचणीने पाहतात. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार, हा जगभर मान्य झालेला क्रम आहे. श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट किंवा सांकेतिक भाषा, मार्ग कोणताही असो, भाषा मेंदूपर्यंत लवकर पोहोचली पाहिजे.

जन्मजात बहिरेपणाचा समावेश असलेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरमधूनच सुरू झाला. वांद्र्याची अली यावर जंग संस्था 1983 पासून वाचा आणि श्रवणाच्या क्षेत्रात काम करते आहे. आता ही चाचणी लहानातल्या लहान प्रसूतिगृहापर्यंत नेणे सरकारचे कर्तव्य आहे. आणि पालकांनी बाळाला घरी नेताना लसीकरणाच्या कार्डाबरोबर श्रवणचाचणीचा अहवालही मागून घ्यावा.