खारं, आंबट, वाळवलेलं

भाऊजींच्या शिडाच्या बोटीवर फ्रिज नाही आणि तो बसवायचा त्यांचा विचारही नाही. निवृत्तीनंतर लोक कर्जतला फार्महाऊस बांधतात, यांनी जुनी अठ्ठावीस फुटी बोट घेतली. उभी हयात जहाजांची इंजिनं सांभाळण्यात गेल्यामुळे नवं यंत्र म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. "फ्रिजला बॅटरी लागते, बॅटरीला चार्जिंग लागतं, चार्जिंगला इंजिन चालवावं लागतं. मग शीड कशाला उभारायचं? सरळ लाँच घ्यावी की!" हिशेब खोटा नाही. आपल्या हवेत बोटीवरचा छोटासा फ्रिजसुद्धा दिवसाला चाळीस-पन्नास अँपिअर-तास सहज खातो. म्हणजे शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीचा अर्धा जीव एका दिवसात गेला. ताईचं मत वेगळं आहे, पण ते छापण्याजोगं नाही.

मुंबई ते गोवा अंतर साधारण सव्वादोनशे सागरी मैल. वारा धड असेल तर न थांबता दोन-तीन दिवसांत माणूस पोचतो. आम्ही जयगड, विजयदुर्ग, मालवण असे मुक्काम करत, गप्पा छाटत जातो, त्यामुळे आठवडा उलटून जातो. मी खाण्यावर लिहिते, या एकाच भांडवलावर शिध्याची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली.

सुरुवातीला मी रीतसर इंग्रजी पुस्तकं वाचली. शिडाच्या बोटीतून वर्षानुवर्षं हिंडणाऱ्या गोऱ्या मंडळींनी या विषयावर भरपूर लिहून ठेवलं आहे आणि त्यातलं बरंचसं नामी आहे. पण त्यांचा पहिलाच सल्ला असा की लोणी, चीज, भाज्या बोटीच्या तळाशी, पाण्याच्या पातळीखालच्या कप्प्यात ठेवा, तिथे समुद्र गारवा देतो. देत असेल. इंग्लंडच्या किनाऱ्यावर भर उन्हाळ्यात पाणी पंधरा-सोळा अंशांवर असतं, तिथे तळघर फुकटच मिळालं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत कोकण किनाऱ्याचं पाणी एकोणतीस-तीस अंशांवर गेलेलं असतं. त्या कप्प्यात लोणी ठेवलं तर संध्याकाळी पळीने वाढावं लागेल.

मग ओल्या फडक्याचा किंवा माठाचा उपाय? पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, हे खरं. पण ते उडून जायला हवा कोरडी लागते. मे महिन्यात नागपूरला पारा त्रेचाळीसवर आणि हवेत आर्द्रता नावालाच, तिथे कूलर पंधराएक अंशांचा फरक पाडून दाखवतो. समुद्रावर हवा आधीच पाण्याने भरलेली. ओलं फडकं गुंडाळून आपण फार तर तीन-चार अंश कमावतो आणि वर भाज्यांना बुरशी लावून घेतो.

एकंदरीत थंडीचा रस्ता बंद. इथेच मला हा विषय आवडायला लागला. फ्रिज हे सगळ्यांना एकच औषध आहे: अंडं असो, दही असो, कोथिंबीर असो, घाला थंडीत. तो नसला की प्रत्येक जिन्नस हातात घेऊन विचारावं लागतं, बाबा, तू नेमका कशाने नासतोस? उत्तरं निरनिराळी येतात. कुणाला हवा नको असते, कुणाला हवाच हवी असते, कुणी शेजाऱ्यामुळे बिघडतो, तर कुणाला नुसता एका कुशीवर पडून राहिल्याचा त्रास होतो.

हा शेवटचा म्हणजे अंडं. कवचावर निसर्गतः एक पातळ लेप असतो, तो बारीक छिद्रं बुजवून ठेवतो. धुतलेल्या अंड्यांचा तो गेलेला असतो. आणि एकदा गारव्यात ठेवलेलं अंडं बाहेर आलं की त्याला घाम फुटतो. त्यामुळे मॉलमधली चकचकीत अंडी बोटीला कुचकामी. कोपऱ्यावरच्या दुकानात बाहेरच ठेवलेली, थोडी मळकट अंडी घ्यायची आणि बोटांनी गोडंतेल चोळायचं. दिवस जातील तसं पांढरं पातळ होतं, बलक वर तरंगत जाऊन कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो आणि तिथून अंडं बिघडायला लागतं. म्हणून ते रोज उलटायचं. एकेक अंडं कोण उलटत बसणार? ट्रेवर दुसरा रिकामा ट्रे पालथा घालून सुतळीने बांधायचा आणि सकाळच्या चहाला अख्खं गाठोडं उलटं करायचं. एवढ्यावर पंधरवडा निभावतो. अंडं जुनं झालं की पाण्यात तरंगतं, ही परीक्षा आपल्याला माहीत असते. बोटीवर मात्र ती गोड्या पाण्यातच घ्यावी. खारं पाणी जड, त्यात बऱ्यापैकी खाण्यालायक अंडीही वर येतात आणि गोडं पाणी वाचवायच्या नादात आपण चांगला नाश्ता समुद्रात फेकतो.

कांदा-बटाट्याचं शास्त्र नाशिककडच्या शेतकऱ्याला विचारावं. कांदाचाळ जमिनीपासून उचललेली असते, खालून-बाजूंनी फटी असतात, वारं आरपार जातं. बोटीवरही तसंच, जाळीच्या पिशवीत, टांगून. उन्हाळी कांदा टिकतो, पावसाळ्यानंतरचा ओला लाल कांदा टिकत नाही, हे दुकानदाराला ठणकावून विचारून घ्यावं. बटाट्याला अंधार लागतो, नाहीतर तो हिरवा पडतो. आणि दोघांना शेजारी ठेवायचं नाही, बटाट्याच्या ओलीने कांद्याला कोंब येतात. कोबी सुरीने चिरायचा नाही, बाहेरून एकेक पान सोलत खायचं, गड्डा आत शाबूत राहतो. टोमॅटो हिरवे, कडक घ्यायचे आणि एकेक वर्तमानपत्रात गुंडाळायचा. हे सदर ज्या पुरवणीत येतं तिचा कागद त्या कामाला फार चांगला, हे मी स्वानुभवाने सांगू शकते. पिकलेली केळी आणि सफरचंदं यांच्या आसपासही टोमॅटो ठेवू नयेत. त्यांच्यातून निघणाऱ्या वायूने सगळे एकदम पिकतात. पुठ्ठ्याचे खोके धक्क्यावरच सोडून यायचे, कारण त्यांच्या पदरांत झुरळांची अंडी असतात आणि झुरळाला बोट मनापासून आवडते.

कोकणातल्या जुन्या घरात हे सगळं होतंच. आढ्याला टांगलेले भोपळे आणि तवशी, मडक्यातली खारातली कैरी, वर्षाची आमसुलं, डब्यातलं सुकट, तुपाची बरणी. ही यादी म्हणजे बोटीचाच शिधा. इंग्रजी पुस्तकं बाजूला ठेवून मी आत्याच्या स्वयंपाकघराची यादी केली तेव्हा कुठे माझं घोडं गंगेत न्हालं. मीठ, आंबट, ऊन आणि तेल-तूप या चौघांना तीस अंशांची पर्वा नसते.

अपवाद नारळाचा. म्हणजे अख्ख्या नारळासारखा शिधा नाही: कवचबंद, निर्जंतुक, ठेवाल तिथे गडगडेल पण बिघडणार नाही. घेताना कानाशी हलवून पाणी वाजतंय ना ते बघायचं आणि शेंडी राखून सोललेला घ्यायचा. नारळाचे मऊ डोळे त्या शेंडीखाली असतात आणि कीड, बुरशी शिरते ती तिथूनच. असा नारळ सगळा प्रवास पुरून उरतो. पण फोडला की मात्र घड्याळ सुरू. ओलं खोबरं सकाळी खवलं तर दुपारी शंका, संध्याकाळी खात्री. वाटप घातलेल्या आमटीची तीच गत. त्यामुळे आमच्याकडे नारळ एका जेवणाला एक, आणि तो दुपारच्याच. रात्री सुकं खोबरं, चिंच, आमसूल, नाहीतर नुसतं फोडणीचं वरण. भाताचा नेम त्याहून कडक: मोजून करायचा, उरवायचा नाही. भातात असे जिवाणू असतात की त्यांची बीजं शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात रात्रभर वाढतात. कुकर शिट्टी देऊन बंदच ठेवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा शिट्टी द्यायची, अशी युक्ती परदेशी दर्यावर्दी सांगतात. मी ती करत नाही. बोट हलते, शिट्टी हलते, कुकर गार होताना बाहेरची हवा आत ओढतो, आणि पोट बिघडल्यावर पळायला अठ्ठावीसच फूट असतात.

हिरव्या भाज्या चौथ्या दिवशी संपतात. त्यानंतर मटकी आणि मूग. मोड आलेलं कडधान्य बोटीवर मला अतोनात महत्त्वाचं वाटतं, त्यामागे वास्को द गामा आहे. १४९८ साली आफ्रिकेतल्या मालिंदीहून कालिकतला येताना नैर्ऋत्य मोसमी वारा पाठीशी होता, त्याला तेवीस दिवस लागले. परतताना ऑक्टोबरच्या सुरुवातीला कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून तो निघाला. ईशान्येचे वारे अजून स्थिरावले नव्हते आणि तोच अरबी समुद्र ओलांडायला जवळपास तीन महिने गेले. हिरड्या सुजून, पाय काळेनिळे पडून तीसेक खलाशी स्कर्व्हीने, म्हणजे 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाने, मेले. बाकीच्यांसाठी मालिंदीला पोचताच संत्री मागवली गेली. सुक्या मुगात 'क' जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच, मोड येताना ते तयार होतं. ज्या किनाऱ्यावरून तो निघाला तिथे घरोघरी कडधान्य भिजत पडत असणार. त्याच्याही आधी दीडशे वर्षं, कालिकतला आलेल्या मोठाल्या चिनी जहाजांवर खलाशी लाकडी पेट्यांत भाजीपाला आणि आलं लावतात, असं प्रवासी इब्न बतूताने लिहून ठेवलं आहे.

आपल्या हवेत मटकीला एका रात्रीत मोड येतात, तशी दुसऱ्या रात्री ती बुळबुळीतही होते. ती धुवायला गोडं पाणीच लागतं, समुद्राच्या पाण्याने मोड मरतात. धुतलेलं पाणी मी आमटीला वापरते. दह्याचं मात्र जमत नाही. भुकटीच्या दुधाला विरजण लावून डबा कितीही घट्ट गुंडाळला तरी लाटांवर ते हलतं, फुटतं आणि सकाळी ताकच निघतं. भाऊजींना ताक आवडतं, म्हणून तक्रार नाही.

हवाबंद डबे आम्ही फारसे नेत नाही, पण लांबच्या सफरींचा खरा आधार तेच. मुंबईत सागवानात बांधलेली 'सुहेली' ही बोट घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी फालमथहून एकटे निघाले आणि कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून २२ एप्रिल १९६९ रोजी परतले, ते मुख्यतः डब्यांच्या जिवावर. टाक्यांतलं पाणी नासल्यावर त्यांनी पावसाचं पाणी धरलं. डब्यांची खोड अशी की ओलीने वरचे कागद सुटतात आणि तळातलं पाणी उपसायच्या पंपात जाऊन अडकतात. म्हणून जाणते लोक कागद आधीच काढून टाकतात आणि पत्र्यावर रंगाने खुणा करतात.

राहिली मासळी. लोकांना वाटतं समुद्रावर मासळीची काय ददात? मिळायला ददात नाही, टिकायला आहे. गेल्या खेपेला देवगड मागे पडल्यावर मागे सोडलेल्या गळाला कुपा लागला, पाच-सहा किलोंचा. भाऊजी खूश, मी चिंतेत. कुपा, सुरमई, बांगडा ही मंडळी उन्हात तासन्‌तास पडून राहिली की त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं, ते शिजवून, तळून जात नाही, आणि वासावरून कळेलच असंही नाही. चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात. आमच्यासोबत हर्णैचे एक म्हातारे तांडेल असतात, सगळे त्यांना मामा म्हणतात. हिस्टामिन हा शब्द त्यांनी ऐकलेला नाही, पण मासा वर येताच त्यांनी कल्ले कापून रक्त वाहू दिलं, पोट साफ केलं आणि सावलीत ओल्या गोणपाटाखाली घातला. "आता निम्मा खा. उरलेल्याचे पट्टे काढ, मीठ मार, वाऱ्यावर टाक. पाणी उतरलं पायजे." आम्ही पट्टे काढून दोरीवर घातले, पण दुपारी आभाळ भरून आलं आणि हवा चिकट झाली. पट्टे सुकण्याऐवजी घामेजले.

तेवढ्यात एक ट्रॉलर जवळून चालला होता. मामांनी हात केला, ओळख निघाली, मग ओळखीची ओळख निघाली. त्यांच्या खणात फोडलेला बर्फ गच्च भरलेला. दोन बादल्या ओतून दिल्या, पैसे घेईनात. "लिंबं हायत काय?" एवढंच एकाने विचारलं. ताजी संपली होती, खारातली होती. बरणी दोरीला बांधून पलीकडे दिली.

बर्फ दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पुरला. तोवर चार माणसांनी दुपारी कुपा खाल्ला, संध्याकाळी कुपा खाल्ला आणि न्याहारीलाही तोच खाल्ला. मालवणच्या खाडीत नांगर टाकल्यावर ताई म्हणाली, "आता दोन दिवस कुणी माशाचं नाव काढायचं नाही." त्यावर भाऊजी मामांना विचारत होते, बाजारात बांगडे किती वाजेपर्यंत मिळतात.