चोचीत काय आहे ते बघा

साताऱ्यात लोकांच्या दारांवर, गल्ल्यांवर आणि गोठ्यांवर कॅमेरे बसवून मी पोट भरतो. अलीकडे उन्हाळा जवळ आला की वेगळीच विचारणा सुरू होते. ‘चिमणीच्या खोक्यात बसवाल का हो कॅमेरा? मोबाइलवर दिसलं पाहिजे.’ बसवतो. पण आधी मी विचारतो, तुमच्या बागेत औषध कोण मारतं? माणूस गोंधळतो. कॅमेरेवाल्याचा फवारणीशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो मला माझ्याच परसातल्या खोक्याने दाखवला.

खोका बनवणं ही काही मोठी विद्या नाही. साधा प्लाय घ्यावा, आतून रंग देऊ नये, पॉलिश करू नये. भोक सव्वा इंचाचं, म्हणजे 32 मिलिमीटर. खाली बसायला दांडी ठोकू नये. चिमणीला तिची गरज नसते, कावळ्याची मात्र सोय होते. बाजारात मिळणारे बरेच खोके आखूड असतात. चिमण्या गवत, पिसं, सुतळी असं काहीही कोंबून खोका गच्च भरतात आणि कॅमेऱ्याला नुसतं गवत दिसत राहतं. म्हणून मी उंची फूटभर ठेवतो आणि कॅमेरा छताखाली कोपऱ्यात, तिरका.

रस्त्यावर लावतो तो बुलेट कॅमेरा इथे कामाचा नाही. रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की तो तापतो, आणि बंद खोक्यातल्या पिल्लांना पळायला जागा नसते. रास्पबेरी पाय या पिटुकल्या कॉम्प्युटरचा छोटा ‘नोआयआर’ कॅमेरा सरस. त्यात इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर नसल्याने अंधारातही चित्र मिळतं. पायचा बोर्ड मागे वेगळ्या डब्यात ठेवायचा. दिवा 940 नॅनोमीटरचा घ्यावा, 850चा लालसर चमकतो. एवढ्याशा जागेत तोही जास्तच होतो, अंडी म्हणजे पांढरे डाग दिसतात, म्हणून वर बटर पेपरचा तुकडा. भिंग कारखान्यातून लांबचं बघायला बसवलेलं असतं. हलक्या हाताने थोडं उलटं फिरवलं की वीतभरावरचं स्पष्ट होतं. वायरला खाली झोल हवाच, नाहीतर पावसाचं पाणी तिच्यावरून थेट आत. आणि हे सगळं चिमणी यायच्या आधी. घरटं झाल्यावर शिडी लावायला सांगणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना उपद्रव देणंही येतं, हे किती जणांना ठाऊक असतं?

अंडी तीन ते पाच, साधारण रोज एक. नर-मादी आळीपाळीने बसतात. अकरा ते चौदा दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि मग दोघांची खरी धावपळ सुरू होते. पिल्लाची विष्ठा पातळ पांढऱ्या पिशवीत गुंडाळलेली येते. आई-बाप ती चोचीत धरून बाहेर टाकून येतात. इथवर सगळ्यांना मजा वाटते. एखादं पिल्लू मलूल दिसलं की फोन येतो, ‘दादा, ड्रॉपरने दूध पाजू का?’ नाही, दूध पाजू नका. खोका उघडूही नका.

मी रेकॉर्डिंग थांबवून थांबवून चोच बघायला लागलो. सुरुवातीच्या दिवसांत दाणा जवळजवळ नाहीच. हिरवी अळी, कोळी, मावा, नाकतोड्याचं पिल्लू. कठड्यावर बाजरीची वाटी होती, ती मोठी चिमणी स्वतः खायची आणि पोरांसाठी मात्र कढीपत्त्यावर अळ्या शोधायची. पुढे शेजारच्या बंगल्यात जास्वंदीच्या मिलीबगवर औषध मारलं. त्यानंतर फेऱ्या विरळ झाल्या, चोचीत पोळीचे कण दिसायला लागले, आणि धाकटं पिल्लू मेलं. ते फवारणीनेच गेलं असं मी म्हणणार नाही; धाकटं तसंही मागे पडतं, आणि एका खोक्यावरून निकाल देता येत नाही. पण इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात हे मोजून झालेलं आहे. 2008मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्या चिमणीच्या पिल्लांच्या पोटात किड्यांऐवजी वनस्पतिजन्य अन्न जास्त गेलं, ती कमी जगली.

आपल्याकडे चिमणी नामशेष होत चालली असं बोलायची पद्धत आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’चा 2020चा अहवाल सांगतो की देशभरात तिची संख्या साधारण टिकून आहे, घट दिसते ती मोठ्या महानगरांत. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने 2010पासून 20 मार्चला चिमणी दिन साजरा होतो आणि त्यामुळे ती लोकांच्या बोलण्यात आली, हे खरंच. मात्र आता तो दिवस खोके वाटून फोटो काढण्याचा झाला आहे. खोका म्हणजे राहायची सोय; पेव्हर ब्लॉक आणि कापलेल्या लॉनच्या आवारात पोरांना भरवायचं काय?

पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी शाळकरी वयात तबेल्यात लपून घरट्याच्या राखणीला बसलेला चिमणा छऱ्याच्या बंदुकीने टिपला होता. मादीने दुसरा आणला, तोही टिपला. आठवड्यात असे आठ. आज अंगावर काटा येतो, पण त्या पोराने ते टिपून ठेवलं, म्हणून त्याची गोष्ट उरली. आपल्याकडे बंदूक नाही, सोबतीला रात्रीचं बघणारा कॅमेरा आहे, आणि आपण काय करतो? क्लिप ग्रुपवर टाकतो, खाली वीस बदाम येतात. चोचीत काय होतं, कोणी विचारत नाही. वही ठेवा. वेळ, नर की मादी, काय आणलं. एवढं लिहिलं तरी पुरे.

नगरपालिकेला आणि सोसायट्यांना माझं सांगणं आहे: खोके जरूर वाटा, पण त्याच दिवशी माळ्यालाही सांगा की पिल्लांच्या दिवसांत कुंपणावर औषध मारायचं नाही. मावा आला तर पाण्याचा जोरदार फवारा मारून पाडता येतो. लॉनचा एक कोपरा वाढू द्या, भिंतीकडेला कढीपत्ता, लिंबू लावा. एका सोसायटीने हे मान्य केलं. अध्यक्षांची अट एकच: न कापलेला कोपरा मागच्या बाजूला हवा, पाहुण्यांना दिसता कामा नये. चिमण्यांना मागची बाजू चालते, म्हटलं, आणि खोका तिकडेच ठोकला.