हुन्नर : लिफ्ट जोडताना



पेरणी जवळ आली की भोकरदन असो, अंबड असो, परतूर असो, रस्त्याकडेच्या गॅरेजवर ट्रॅक्टरची रांग लागते. नेहमीची तक्रार ठरलेली : "मिस्तरी, लिफ्ट धरत नाही." रोटाव्हेटर उचलला जातो, पण इंजिन बंद केले की हळूहळू खाली बसतो. तिथे पाना धरून बसलेली पोरे बहुतेक आपल्याच घरातली असतात. या महिन्याचे लिखाण त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या अम्मी-अब्बांसाठीही.

लिफ्टमध्ये जादू नाही. पंप तेल ढकलतो, तेल सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टनला रेटते, पिस्टन आडव्या शाफ्टला फिरवतो आणि शाफ्टवरचे दोन हात अवजार उचलतात. शाळेत शिकवतो तो पास्कलचा नियम हाच. बंद जागेतल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. एक चौरस सेंटिमीटरवर दहा किलोचा जोर दिला, तर पन्नास चौरस सेंटिमीटरच्या पिस्टनवर पाचशे किलोचा मिळतो. समुद्रातल्या स्पीडबोटीचा मागचा पाय वर घेणारे सिलिंडरही याच नियमावर चालतात. त्यामुळे जालन्यात लिफ्ट नीट शिकलेला मुलगा उद्या दुबईच्या बोटयार्डात गेला तरी अगदीच कोरा ठरणार नाही.

लिफ्ट बसते म्हणून थेट कव्हर उघडू नका. आधी तेलाची पातळी पाहा, जाळी साफ करा. झटके देत उचलत असेल तर बहुधा तेल कमी आहे किंवा हवा शिरली आहे. उचलून मग सरकत असेल तर पिस्टनची ओ-रिंग किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे. पाचशे रुपयांत होणाऱ्या कामासाठी शेतकऱ्याचे पाच हजार घालवणे ही हलाल कमाई नव्हे, असे मला वाटते.

उघडायचेच ठरले तर आधी अवजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर खाली करून दाब सोडा. उचललेल्या अवजाराखाली कुणीही शिरू नये, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. शिरणे अटळच असेल तर खाली मजबूत स्टँड लावा. विटांवर भरवसा ठेवू नका, वीट सांगून फुटत नाही.

खोलणे सोपे असते, कसोटी जोडताना लागते. शाफ्ट आणि आतला हात यांच्या दात्यांवर ठोकलेल्या खुणा जुळल्याच पाहिजेत. एक दाता चुकला तर लिफ्ट पूर्ण वर जात नाही, नाहीतर पिस्टन मर्यादेबाहेर ढकलला जातो. खूण नसेल तर खोलण्याआधी स्वतः करून ठेवा. ओ-रिंग तेलाच्या दाबाच्या बाजूला आणि आधाराची चपटी रिंग तिच्यामागे बसते. ही अदलाबदल झाली की नवी ओ-रिंग लवकरच फाटते आणि दोष मात्र दुकानदाराला दिला जातो. रिंग तेलात बुडवून हाताने बसवावी, स्क्रू-ड्रायव्हरने ढकलू नये. पुसायला सुताचा बोळा वापरू नका, त्याचा धागा व्हॉल्व्हमध्ये अडकतो. कव्हरचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे-थोडे आवळावेत. तेल भरल्यावर रिकामी लिफ्ट आठ-दहा वेळा वर-खाली करून हवा काढा, पातळी पुन्हा पाहा आणि मगच अवजार लावा.

एक गोष्ट घरातल्या मोठ्यांनी मुलाच्या मनावर बिंबवावी. गळती कधीही बोटाने चाचपायची नाही. आतला दाब दोन हजार पौंडांच्या आसपास जातो. सुईएवढ्या छिद्रातून निघालेले तेल कातडी भेदून आत शिरते. बाहेर नुसता ठिपका दिसतो, दुखतही नाही, आणि काही तासांत हात जाण्याची वेळ येते. गळती पुठ्ठा धरून शोधावी. तेल शिरलेच तर मलम लावत न बसता सर्जन असलेल्या मोठ्या दवाखान्यात त्याच वेळी न्यावे आणि "दाबाचे तेल शिरले आहे" असे स्पष्ट सांगावे.

सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख आहे. त्यांना चिलखत बनवताना कड्या मापात जुळवण्याचा हुकूम झाला होता. एका नबीला दिलेल्या हुकमात मापाचा उल्लेख यावा, हे मला गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे वाटते.

आता थोडे कागदाचे. आपल्या पोरांच्या हातात हुन्नर असतो, प्रमाणपत्र नसते, म्हणून कंपनीच्या वर्कशॉपचे दार बंद राहते. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक ट्रॅक्टर' हा एका वर्षाचा अभ्यासक्रम आहे. आधीच काम येत असलेल्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ठेवलेली आहे. उस्तादांनीही मुलाला चार दिवसांची सुट्टी द्यायला कुरकुर करू नये. दहावीच्या निकालानंतर आयटीआयचे अर्ज सुरू होतात. गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड यांवरचे नाव एकसारखे आहे का, ते आजच पाहून घ्या. शेख-शेक, मोहम्मद-मोहंमद या एका अक्षरापायी दरवर्षी मुले खिडकीवरून परत येताना मी पाहतो.