चौथ्या वर्षाचे संशोधन आळीत उतरू द्या: कुलगुरूंना खुले पत्र

मा. कुलगुरू,
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, गणेशखिंड, पुणे



पदवीचे चौथे वर्ष आता दारात आहे. राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांनी २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून चार वर्षांच्या पदवीचा नवा आराखडा लागू केला. म्हणजे स्वायत्त महाविद्यालयांची पहिली तुकडी २०२६-२७ मध्ये चौथ्या वर्षात जाते आणि संलग्न महाविद्यालयांची त्यापुढच्या वर्षी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चौकटीप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणारे विद्यार्थी या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ निवडू शकतात. त्यातले १२ श्रेयांक संशोधन प्रकल्पाचे आहेत, म्हणजे वर्षभराच्या कामाचा चौथ्या हिश्श्याहून मोठा वाटा. वीस-एकवीस वर्षांच्या मुलामुलींना एकाच प्रश्नामागे इतका वेळ देण्याची मुभा आपल्या पदवी शिक्षणात आजवर सहसा नव्हती. ती वाया जाऊ नये, म्हणून हे पत्र.

मी कसबा पेठेत राहतो आणि पदवीच्या वर्गांना शिकवले आहे. प्रकल्प कसे होतात, हे मला ठाऊक आहे. ‘पुणे शहरातील पारंपरिक कारागीर : एक अभ्यास’ असे ऐसपैस शीर्षक, तीस प्रश्नांची प्रश्नावली, ती मित्रांकडूनच भरून घेतलेली, मग रंगीत वर्तुळाकृती आलेख आणि सोनेरी अक्षरांचे बाइंडिंग. तोंडी परीक्षा दहा मिनिटांत उरकते आणि वर्षभराने तो गठ्ठा रद्दीत जातो. दोष मुलांचा नाही. एका वर्षात मावेल एवढा प्रश्न कसा निवडायचा, हे त्यांना कोणी शिकवलेलेच नसते.

असे प्रश्न या पेठेत पावलोपावली आहेत. तांबट आळीचेच पाहा. तांब्याच्या घंगाळावर, बंबावर हातोडीने एकसारखे ठोके देत जाणे म्हणजे मठारकाम. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते, पण ठोक्यागणिक पत्रा कठीण होत जातो आणि भांड्याला ताकद येते. किती ठोक्यांनी किती कठीण होतो? पुन्हा तापवून मऊ केल्यावर काय उरते? भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते काठिण्यमापकावर मोजता येईल. तोच ठणठणाट आयुष्यभर ऐकणाऱ्या कारागिरांच्या कानांचे काय झाले, हा प्रश्न श्रवणविज्ञानाचा. बंबाची जागा गॅसच्या गीझरने आणि पितळी-तांब्याच्या भांड्यांची जागा स्टीलने घेतल्यावर या घरांतल्या पुढच्या पिढीने कोणते काम धरले, हा अर्थशास्त्राचा. कारागीर एकमेकांशी बोलताना अवजारांना, ठोक्यांना, पत्र्याच्या जाडीला जे शब्द वापरतात, त्यांचा कोश हे मराठीच्या विद्यार्थिनीचे काम. एका आळीत चार विभागांना पुरतील एवढे विषय झाले. शिंपी आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा, फणी आळी यांकडे मी अजून वळलोही नाही.

काही प्रश्नांना तर मुदत आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या दिवशी दहा वर्षांची असलेली मुले आज पंचाहत्तरीला आली आहेत. त्यांनी पाहिलेले पाणी, पळताना काय उचलले आणि काय राहिले, नंतर कुटुंब कोठे राहायला गेले, हे सारे टिपून ठेवण्याजोगे आहे. इतिहासाच्या पंधरा विद्यार्थ्यांनी दोन वर्षे हे काम केले तर मोठा संग्रह उभा राहील. दहा वर्षांनी हेच काम ठरवले तर सांगणारे फारसे उरणार नाहीत.

आपल्याच शहराचा असा अभ्यास पुण्याला नवा नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी याच शहराचे घरोघर सर्वेक्षण करवून घेतले. त्याचा पहिला भाग १९४५ मध्ये आणि दुसरा १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या पुण्यातील मजुरी, धंदे आणि कुटुंबे यांविषयी बोलताना आजही तो आधार घ्यावा लागतो. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे मोडी कागद आहेत. मोडी वाचायला शिकण्यास काही महिने पुरतात. त्यामुळे बी.ए.च्या मुलीला आपल्या पेठेबद्दलचा एखादा न वाचलेला कागद वाचून त्यावर लिहिता येणे अजिबात अशक्य नाही. शेवटचे वर्ष प्रबंधाला देण्याची रीतही नवी नाही. पाषाणच्या आयसरमध्ये पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचे शेवटचे वर्ष प्रबंधासाठी राखलेले असते. अमेरिकेतल्या रीड कॉलेजात तर प्रत्येक विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षी प्रबंध लिहावाच लागतो आणि ते प्रबंध कॉलेज ग्रंथालयात जपून ठेवते. मला त्यातली ही जपणूक सर्वांत मोलाची वाटते.

आपल्याकडे पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर वाचायला मिळतात. पदवीच्या कामाला असे घर नाही. जयकर ज्ञानस्रोत केंद्रात विद्यापीठाने ते उभारावे, कोणालाही उघडता येईल असे. आपले काम पुढे कोणीतरी वाचणार आहे, हे कळले की विद्यार्थी वेगळे लिहितो. शिवाय पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला त्यापुढचे पाऊल टाकता येते. आज दरवर्षी तेच सर्वेक्षण पहिल्यापासून सुरू होते.

मात्र माझी सर्वांत कळकळीची विनंती मार्गदर्शकांविषयी आहे. अनेक महाविद्यालयांत मंजूर पदे रिक्त आहेत आणि वर्ग तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर चालतात. त्यांना मानधन तासाप्रमाणे मिळते. विद्यार्थ्याबरोबर आळीत जाणे, त्याचा कच्चा मसुदा तीनदा वाचणे, चुकलेली मोजणी पुन्हा करून घेणे हे त्या हिशेबात कोठेच बसत नाही. हा वेळ कार्यभारात धरला नाही आणि त्याचे पैसे दिले नाहीत, तर बारा श्रेयांक कागदावरच राहतील. तयार प्रकल्प विकणाऱ्यांना मग मोकळे रान मिळेल. एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी, याची मर्यादाही विद्यापीठाने घालावी आणि पाळायला लावावी.

भाषेचेही तसेच. विज्ञानासह प्रत्येक शाखेत मराठीतून प्रबंध लिहिण्याची मुभा स्पष्ट शब्दांत द्या. कारागिराशी मराठीत बोलायचे आणि निष्कर्ष मात्र त्याला न कळणाऱ्या भाषेत मांडायचे, हा त्याच्यावर अन्याय आहे. या आळ्यांत विद्यार्थी नेहमी येतात, फोटो काढतात, प्रश्न विचारतात आणि परत फिरकत नाहीत. ज्यांनी कामाचे तास मोडून माहिती दिली, त्यांना प्रबंधाची एक प्रत मिळावी आणि विद्यार्थ्याने पेठेतच एकदा तो मांडून दाखवावा, असा नियम करा. संमती न घेता कोणाचे नाव किंवा छायाचित्र वापरू नये, हेही त्यात यावे.

७५ टक्क्यांची अट आयोगाची आहे, ती आपल्या हातात नाही. पण सकाळी दूध किंवा पेपर टाकून कॉलेजला येणारी मुले बहुधा त्या रेषेखाली राहतात, आणि पेठेची खरी माहिती त्यांनाच असते. आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाचे श्रेयांक आहेतच. ते अशा मुलांसाठी गांभीर्याने घ्यावेत आणि चांगले काम त्याच संग्रहात ठेवावे.

पुणे, अहिल्यानगर, नाशिक या तिन्ही जिल्ह्यांत अशा पेठा, अशा आळ्या आहेत. पहिली संलग्न तुकडी चौथ्या वर्षात पोचण्यापूर्वी मार्गदर्शकांचा कार्यभार, मराठीची मुभा आणि खुला संग्रह या तीन गोष्टींचे परिपत्रक विद्यापीठाने काढावे, ही विनंती. कसब्यातली घरे दाखवायला, माणसांशी गाठ घालून द्यायला आम्ही इथले रहिवासी तयार आहोत.

आपला नम्र,
कसबा पेठेतील एक शिक्षक