दिलेला कुत्रा की टाकलेला कुत्रा?

स्मरणिकेच्या पानांवर प्रतिवर्षी चळवळीचा आढावा, धम्मविषयक चिंतन, मायदेशातील शिष्यवृत्त्यांचा हिशेब आणि नव्या पिढीच्या मराठीची चिंता असे लेख येत असतात. त्या पंक्तीत एक लेख कुत्र्यावर यावा, हे कित्येक वाचकांस रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. विषय ऐकून संपादकांनीही क्षणभर आमच्याकडे निरखून पाहिले होते. तथापि गेल्या काही वर्षांत हिल्सबरो, माउंट रॉस्किल आणि ओनेहंगा या परिसरांतील आपल्याच चार कुटुंबांना पाळलेला कुत्रा दुसऱ्याच्या हाती द्यावा लागला, आणि त्यांपैकी एकानेही ती गोष्ट सभेत अथवा पंगतीत मोकळेपणाने सांगितली नाही. त्या चारांतील एक कुटुंब आमचे. म्हणून हे लिहिणे.

आमच्या घरी कुत्रा आला तो २०१६ साली, कन्येच्या हट्टापायी. आश्रयगृहातून आणलेला, वर्षभराचा, लॅब्रॅडॉर आणि हंटअवे यांचा संकर. हंटअवे ही न्यूझीलंडचीच मेंढपाळी जात. बॉर्डर कोली मेंढ्यांना नुसत्या नजरेने वळवतो. हंटअवे डोंगरउतारावर कळपाच्या मागे राहून भुंकून भुंकून मेंढ्या हाकतो. भुंकणे हाच त्याचा पिढीजात धंदा. हे आम्हांस आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. अर्थात सांगितले असते तरी कन्येपुढे आमचे काही चालले नसते.

खरा विरोध झाला तो मातोश्रींचा. त्या नुकत्याच मराठवाड्यातून येथे आल्या होत्या. "कुत्रं उंबऱ्याच्या आत? पाटलाच्या वाड्यात कुत्रं ओसरीवर लोळायचं, अन् माझा बाप उन्हात अंगणाबाहेर उभा राहायचा," एवढेच त्या बोलल्या आणि आत निघून गेल्या.

हे वाक्य आमच्या येथील शेजाऱ्यास समजावून सांगणे कठीण आहे. आपल्या समाजाच्या स्मृतीत कुत्रा हा नुसता प्राणी नाही; अवमानाचे ते एक माप आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, ते ज्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता त्या तळ्यावर. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मणिभवनात गांधीजींशी बोलताना बाबासाहेबांनी कुत्र्यामांजरांचीच तुलना पुढे केली होती. तेव्हा मातोश्रींचा राग हा कुत्र्यावरचा राग नव्हता, हे आम्ही ओळखले आणि गप्प राहिलो.

तिढा सोडवला तो कन्येने. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी राजगृहातील फेब्रुवारी १९३४ चे ते छायाचित्र आहे. यशवंत, बाबासाहेब, रमाई, थोरल्या बंधूंच्या पत्नी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंद. आणि त्या सर्वांसमवेत घरचा कुत्रा टॉबी. छायाचित्र आमच्या बैठकीत वर्षानुवर्षे होते आणि टॉबीकडे कोणाचेही लक्ष गेले नव्हते. कन्येने आजीस चष्मा आणून दिला आणि बोट ठेवून दाखवले. मातोश्री बराच वेळ पाहत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या काळ्या-तांबूस जनावराचे नाव मोत्या ठेवले, आणि जुन्या लुगड्यांची एक गोधडी त्याच्यासाठी शिवावयास घेतली.

पुढील सहा वर्षांचा वृत्तान्त येथे नको. २०२२ च्या हिवाळ्यात आमच्या घरमालकाने जुने लाकडी घर विकावयास काढले आणि आम्हांस नव्वद दिवसांची नोटीस मिळाली. हिल्सबरोतील अशी किती घरे पाडून त्यांच्या जागी एकास एक चिकटलेली तीन-चार घरे उभी राहिली, हे वाचक पाहतच आहेत. मातोश्रींचा दवाखाना जवळ, कन्येचे शिक्षण जवळ. म्हणून याच परिसरात घर हवे होते. प्रत्येक ठिकाणी अर्जात एक प्रश्न ठरलेला: पाळीव प्राणी आहे काय? "होय" लिहिले की पुढे उत्तरच येत नसे.

येथे एका मोहापासून आम्ही स्वतःस सावरले, आणि वाचकांनीही सावरावे. १९१७ साली बडोद्यात नोकरीस गेलेल्या बाबासाहेबांस राहावयास घर मिळाले नाही, पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांस बाहेर काढले, हे आपण जाणतो. आमचा अर्ज कुत्र्यामुळे नाकारला गेला. आमची जात कोणी विचारली नव्हती. दोन्ही गोष्टी एका तागडीत घालणे म्हणजे बडोद्याचे दुःख स्वस्त करणे होय. मात्र उत्तर न येणारे अर्ज रात्री मोजीत बसताना मातोश्री काय आठवत असतील, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

शेवटी घर मिळाले ते कुत्र्याविना. आणि येथूनच आमच्या चुकीस प्रारंभ होतो. मोत्या द्यावयाचा, हे ठरताच आम्हांस लाज वाटू लागली, आणि लाजेमुळे घाई झाली. परिचितांच्या परिचितांत एक कुटुंब तयार झाले. घरी चार वर्षांचे मूल. आम्ही मोत्याची स्तुती केली. जेवताना कोणी ताटलीजवळ आले तर तो गुरगुरतो, हे सांगितले नाही. संध्याकाळी एकटा ठेवल्यास तासभर भुंकतो आणि शेजाऱ्यांनी एकदा त्याविषयी तक्रारही केली होती, हेही सांगितले नाही. सांगितले तर ते नेणार नाहीत, अशी भीती. चौथ्या रात्री साडेदहास त्या गृहस्थांची मोटार आमच्या दारी उभी राहिली. मुलास इजा झाली नव्हती. केवळ गुरगुरण्यावर निभावले होते. ते गृहस्थ रागावलेसुद्धा नाहीत. "तुम्हांला माहीत होतं ना?" एवढेच त्यांनी विचारले. मोत्या मोटारीतून उतरून सरळ आपल्या कोपऱ्यात गेला. कोपऱ्यातली गोधडी आम्ही आदल्याच दिवशी धुऊन, घडी करून खोक्यात बांधली होती.

आमचे मत त्या रात्री बनले. कुत्रा ठेवता न येणे हा अपराध नाही. आजारपण, स्थलांतर, घर, पैसा, नवे मूल यांपैकी काहीही माणसावर येऊ शकते. अपराध आहे तो दडवण्याचा. जो आपल्या कुत्र्याचे अवगुण लपवून देतो, तो देत नाही, सभ्यपणे टाकतो. उघड्यावर सोडून देणाऱ्यात आणि त्याच्यात अंतर असेल, पण फार नाही.

उघड्यावर सोडणारे या शहरात थोडे नाहीत. न्यूझीलंडच्या १९९९ च्या प्राणी कल्याण कायद्यान्वये प्राण्याची कोणतीही सोय न करता त्यास सोडून जाणे हा गुन्हा आहे. तरीही २०२४-२५ या एका वर्षात ऑकलंड कौन्सिलच्या कोंडवाड्यांत दहा हजारांहून अधिक कुत्री आली आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक मारावी लागली. (कोंडवाडा हा शब्द दया पवारांच्या १९७४ च्या कवितासंग्रहापासून आपल्या कानांत वेगळ्याच अर्थाने बसलेला आहे, येथे तो मूळ अर्थाने घ्यावा.) वर्तमानपत्रे मोकाट कुत्र्यांच्या नावाने ओरडतात. जातकातील कुक्कुर जातकाची आम्हांस अशा वेळी आठवण होते. राजाच्या रथाचे कातडी बंद कुत्र्यांनी खाल्ले, म्हणून नगरातील सर्व कुत्री मारण्याची आज्ञा होते. स्मशानात राहणारा कुत्र्यांचा नायक दरबारी येतो आणि दाखवून देतो की कातडे खाल्ले ते राजवाड्यातीलच पाळलेल्या कुत्र्यांनी. ज्यांस मारणे चालले आहे ते निरपराध आहेत. ऑकलंडच्या रस्त्यावरील कुत्राही बहुधा कोणाच्या तरी अंगणातूनच निघालेला असतो. शिक्षा मात्र होते ती कुत्र्यास.

दुसऱ्या खेपेस आम्ही घाई केली नाही. नव्या घरी जाण्यास पाच आठवडे उरले होते. कन्येने दोन पाने भरून मोत्याची हकीकत लिहिली आणि तीत आधी अवगुण लिहिले: ताटलीजवळ येऊ नये, एकटेपणी भुंकतो, सायकलच्या मागे धावतो, फटाक्यांच्या रात्री न्हाणीघरात बसवावे लागते. मग लसीकरण, नसबंदी, औषधे. शेवटी मातोश्रींनी सांगितलेली एक ओळ: भाकरी दुधात कुस्करून दिली तर गुरगुरत नाही.

ही दोन पाने वाचून दोन कुटुंबांनी नकार दिला. त्या नकारांचा आम्हांस आनंद झाला, हे आज कबूल करतो. तिसरे आले ते पुकेकोहेकडील एक वृद्ध माओरी गृहस्थ. थोडी जमीन, काही मेंढ्या, आधीचा कुत्रा म्हातारपणाने गेलेला. त्यांनी पाने वाचली नाहीत. "याला काय आवडत नाही, ते तुम्हीच सांगा," म्हणाले, आणि मातोश्रींच्या समोर बसून राहिले. मातोश्री मराठीत सांगत, कन्या भाषांतर करी. बोलता बोलता पुकेकोहेचा विषय निघाला. १९२० च्या दशकात हिंदी आणि चिनी भाजीमळेवाल्यांविरुद्ध 'व्हाइट न्यूझीलंड लीग' स्थापन झाली ती याच गावी. माओरींचे केस कापण्यास येथील न्हावी नकार देत आणि चित्रपटगृहात त्यांस वेगळे बसवीत. ते गृहस्थ लहानपणी त्या वेगळ्या जागी बसलेले होते. कन्येने हे भाषांतर करून सांगितले तेव्हा मातोश्रींनी त्यांस चहा पुन्हा भरून दिला. बाकी काही बोलणे झाले नाही.

पंधरा दिवसांच्या परीक्षेवर मोत्या गेला. न पटल्यास केव्हाही परत घेऊ, असे आम्ही लिहून दिले. या वेळी गोधडी न धुता दिली. आश्रयगृहातील अनुभवी मंडळी सांगतात की नव्या घरी पहिले काही दिवस कुत्रा भेदरलेला असतो, घराची रीत उमगण्यास त्यास काही आठवडे लागतात आणि घर आपले वाटण्यास काही महिने. म्हणून पहिले काही आठवडे जुनेच अन्न, जुनेच अंथरूण, जुन्याच वेळा. आपण लगेच भेटावयास धावू नये. त्याने आपले मन हलके होते, त्याचे होत नाही.

कागदोपत्री व्यवहाराकडे आपली मंडळी दुर्लक्ष करतात. १९९६ च्या कुत्रा नियंत्रण कायद्यान्वये मालकी बदलल्यास चौदा दिवसांत कौन्सिलला कळवावे लागते. मायक्रोचिपची नोंदही नव्या मालकाच्या नावे करून द्यावी. ती जुन्याच दूरध्वनीवर राहिली, तर हरवलेला कुत्रा सापडूनही घरी पोचत नाही. ऑस्ट्रेलियास जाणाऱ्यांनी विमानाचा खर्च पाहूनच निर्णय घ्यावा, पण न्यूझीलंडहून जाणाऱ्या कुत्र्यास तेथे विलगीकरण नसते, हे ध्यानात ठेवावे. "तिकडे नेताच येत नाही" ही सबब आम्ही दोनदा ऐकली आहे.

आणखी एक. १ डिसेंबर २०२५ पासून भाडेकरूविषयक कायदा बदलला आहे. घरमालक पाळीव प्राण्यासाठी दोन आठवड्यांच्या भाड्याइतकी जादा अनामत घेऊ शकतो. परंतु वाजवी कारणावाचून नकार देऊ शकत नाही. २०२२ मध्ये ही तरतूद असती तर मोत्या कदाचित आमच्याकडेच राहिला असता. तेव्हा कुत्रा देण्यापूर्वी लेखी परवानगी मागावी, नकाराचे कारण लेखी मागावे. हक्क कागदावर असून उपयोग नाही, तो मागावा लागतो, हे आपल्या समाजाला निराळे सांगावयास नको.

वर्षभराने आम्ही पुकेकोहेस गेलो. मोत्याने आम्हांस ओळखले, मातोश्रींच्या पायांशी दोन वेळा फिरला, आणि त्या गृहस्थांनी शीळ घालताच कुंपणाकडे पळाला. मेंढ्यांच्या मागे तो भुंकत होता आणि कोणाचीही तक्रार नव्हती. परतताना मातोश्री मोटारीत म्हणाल्या, "तिथं त्याला काम आहे."

आमची संघाच्या कार्यकारिणीस एक सूचना आहे. चिटणिसांकडे एक वही असावी. कोणाकडे अंगण आहे, कोण महिना-दोन महिने कुत्रा वा मांजर सांभाळू शकेल, कोणास कायमचे हवे आहे, याची नोंद त्यात आधीच असावी. नोटीस आल्यावर शोधाशोध केली की लाज आणि घाई दोन्ही पदरी येतात, हे आम्ही भोगले आहे. संघाचे कार्य माणसांसाठी आहे, कुत्र्यांसाठी नव्हे, असा आक्षेप कार्यकारिणीतील एका ज्येष्ठांनी आताच नोंदवला आहे. आक्षेप विचारार्ह आहे. परंतु आजारपणात इस्पितळात गेलेल्या एकट्या वृद्धेचा कुत्रा कोणी सांभाळावा, हा प्रश्न माणसाचाच आहे. एप्रिलच्या सभेत आम्ही ही सूचना मांडणार आहोत. ज्यांचा विरोध आहे त्यांनीही अवश्य यावे. वहीत पहिले नाव आम्ही आमचे लिहीत आहोत, कारण नव्या घरमालकाने गेल्या महिन्यात लेखी परवानगी दिली आहे.